पूरे सौ

बळवंतराव मुन्शी इंग्रजी डिक्शनरी नुसती वाचत नसत, ती भिंतीला चिकटवत असत.

म्हणजे असं, की रोज एक पान फाडायचं. त्याची एक बाजू घोकून पाठ करायची. पाठ झाली की कणकेची खळ लावायची आणि पाठ झालेली बाजू भिंतीला, कच्ची बाजू वर, असं ते पान चिकटवून टाकायचं. मग वरची बाजू उठता-बसता, दात घासता, भाकरी थापता पाठ होत राहायची. जिंतूरला त्यांच्या भाड्याच्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा निम्मी खोली भरत आली होती. कुठलाही शब्द विचारा, बळवंतराव डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "खिडकीच्या खाली, खुंटीच्या बाजूला," आणि मग अर्थ सांगायचे. फक्त सीचे शब्द कच्चे. "सी नका विचारू मॅट्रिकसाब, सी चुलीमागं आला. समदी फोडणी उडायलीय त्याच्यावर."

मॅट्रिकसाब म्हणजे मी. मी वाशीमकडचा, इंग्रजी मुलखातला. मॅट्रिक होऊन विलीनीकरणानंतर इकडे नोकरीला आलो. वय चोवीस, आणि अंगात मस्ती ही एवढी. आमच्या कचेरीत तेव्हा सगळे उर्दूत वाढलेले कारकून. निजामाच्या राजवटीत सगळं दफ्तर उर्दूत चालायचं. बळवंतराव तर त्यातले उस्ताद. त्यांचा हात असा की जुन्या साहेबांनी म्हणे त्यांनी लिहिलेला एक साधा रजेचा अर्ज चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. राज्य बदललं आणि तीस वर्षांची ती कमाई एका रात्रीत रद्दीत गेली. वरून येणारे कागद इंग्रजीत यायला लागले आणि कचेरीतला सगळ्यात हुशार माणूस लिफाफा हातात धरून माझ्या टेबलापाशी उभा राहायला लागला. मला त्याची गंमत वाटायची. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

त्या खोलीत एक गोष्ट मात्र मी तेव्हाच टिपली होती. डिक्शनरीचा ए होता अगदी उजव्या कोपऱ्यात. तिथून पानं डावीकडे सरकत गेली होती.

"बळवंतराव, हे उलटं का?"

"उलटं कायचं? सुरुवात उजवीकडूनच होती की."

मी पोट धरून हसलो. तेही हसले, का हसायचं ते न कळता.

मग एक दिवस फर्मान आलं. कारकुनांची इंग्रजीची परीक्षा होणार, परभणीला. चाळीसला पास. नापास होणाऱ्याची नोकरी जाणार नव्हती, पण जिल्ह्यात पहिला येईल त्याला तो मागेल त्या गावाला बदली मिळणार होती. आम्ही सगळे चाळिसाच्या मागे लागलो. बळवंतराव मात्र शंभराच्या मागे लागले.

"लेना तो पूरे सौ," ते म्हणायचे, "नै तो नक्को!"

"अहो, इंग्रजीत कुणाला शंभर पडतात का? साठ-सत्तर मिळाले तरी पहिले याल."

"आन् एखाद्यानं एकाहत्तर घेतले मंग? शंभर घेतल्यावर कुनी म्होरं जाऊ शकतंय का, सांगा बरं."

हिशोब पक्का होता. पहिलं यायचं आणि मानवत मागायचं, हे त्यांनी सगळ्या कचेरीला सांगून टाकलं होतं. मानवतच का, म्हटलं की शेरवानीची वरची गुंडी लावत म्हणायचे, "तिथलं पानी लय हलकं." मानवतचं पाणी हलकं असल्याचं त्याआधी आणि त्यानंतर मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

परीक्षेआधीचे सहा महिने त्यांनी कचेरीला पुरतं हैराण केलं. शिपायाला पाणी मागायचं तरी इंग्रजीत. तो बिचारा कधी पाणी आणायचा, कधी फाईल, कधी साहेबांनाच बोलवून आणायचा. एक म्हातारा धनगर चराईच्या परवानगीसाठी आला होता, मेंढरं बाहेर लिंबाखाली बसवून. बळवंतरावांनी त्याला समोर बसवलं, "गाईवर हाय" असं सांगितलं आणि पाठ केलेला इंग्रजी निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. म्हाताऱ्याने हात जोडून ऐकून घेतला. मग म्हणाला, "मालक, आमची मेंढरं हायती. गाय न्हाई आमच्याकडं. अर्जाचं तेवढं बघा."

त्या निबंधात एक वाक्य होतं, की गाईला वरचे पुढचे दात नसतात. बळवंतरावांना ते पटेना. शंभर मार्कांचा प्रश्न, चुकीचं लिहून कसं चालेल! धनगर आहेच तर म्हणून बाहेर गेले, त्याच्या एका मेंढीचा जबडा उघडून आत बोट फिरवून आले, शेरवानीला हात पुसत. "हौ, पुस्तक सच्चं हाय. मेंढीला नै, म्हंजी गाईला बी नसतील." धनगराची परवानगी मात्र त्यांनी त्याच दिवशी काढून दिली.

मी हे सगळं रोज संध्याकाळी चहाच्या हॉटेलात नकला करून सांगायचो. लोक टेबलं बडवून हसायचे. मला मुन्शीजींची नक्कल फार छान जमायची.

परीक्षेला आम्ही दोघं एकाच मोटारीने निघालो. बोरीला मोटार थांबली. मोटारीचं काहीतरी बिघडलं आणि तास-दीड तास आम्ही रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. बळवंतरावांनी पुस्तक मिटलं. मी सहज म्हणालो, "आता तरी खरं सांगा, मानवतला आहे काय?"

त्यांनी मिटलेलं पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "गोदी हाय."

गोदी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आई तिच्या लहानपणीच गेलेली. बळवंतरावांनी स्वतः भाकरी थापून, वेण्या घालून तिला वाढवलं आणि मानवतच्या एका कापसाच्या अडत्याच्या घरी दिली. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आणि आपल्याकडे रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. सासरचे तिला जिंतूरला धाडत नव्हते. माहेरी बाईमाणूस नाही, तिथे जाऊन करणार काय, असं त्यांचं म्हणणं.

"मंग मीच जातो वर्षातून दोन डाव. पान्याचा तांब्या संगं नेतो. त्यांच्या ओसरीवर बसतो. सासू बसती, दीर बसतो. गोदी दाराआड हुभी ऱ्हाती. तांब्यातलं पानी सपलं की उठतो." ते हसले. "मोठा तांब्या घेतला हाय आता."

ते पुढे सांगत राहिले. "बदली झाली तर कसं, सरकारी हुकूम. कुनी नाव ठेवनार न्हाई. म्या तिथं खोली घेतो. बापाची खोली म्हंजी माहेरच की वो. पान्याला निघाली की दोन घटका येऊन बसल. कायी न्हाई, नुसती बसल. पंचावन्नला पेन्शन. दोनच वर्षं ऱ्हायली. ही एकच परीक्षा हाय मॅट्रिकसाब."

मोटार सुरू झाली. परभणी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मलाही पहिलं यायचं होतं. मला परभणीला बदली हवी होती. तिथे सिनेमा होता, वाचनालय होतं, आणि जिंतूरचा मला कंटाळा आला होता. एवढंच.

परीक्षेच्या हॉलमध्ये बळवंतराव माझ्या शेजारच्या बाकावर. दोऱ्याने शिवलेल्या कोऱ्या वह्या वाटल्या. पर्यवेक्षकांनी इंग्रजीत बजावलं, की आपला नंबर पहिल्या पानावर लिहा, तो तिथे नसेल तर वही तपासली जाणार नाही. सगळे लिहायला लागले. आमच्या पुढच्या रांगेत एका उर्दूवाल्याने उर्दूच्या सवयीने वही उजवीकडून, म्हणजे मागच्या बाजूने उघडली. त्याच्या शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं, खुणेने दाखवलं, त्याने जीभ चावून वही फिरवली. पर्यवेक्षकांनी बघितलं, पण कुणी काही म्हणालं नाही.

अर्ध्या तासाने माझं निब मोडलं. दुसरं मी आणलंच नव्हतं. मी इकडेतिकडे बघायला लागलो, तोवर बळवंतरावांनी आपला दुसरा टाक माझ्या बाकावर सरकवलासुद्धा. तो घेताना माझी नजर त्यांच्या वहीवर गेली.

वही त्यांनी शेवटच्या पानापासून सुरू केली होती. वाचायची पुस्तकं ते नीट उघडायचे, पण लिहायची वही म्हटली की तीस वर्षांचा हात आपल्या वाटेने गेला होता. ओळी डावीकडून उजवीकडे, अक्षर मोत्यासारखं, आणि पानं सगळी उलटी. नंबर गेला होता वहीच्या शेवटच्या पानावर. त्यांच्या लेखी ते पहिलं पान होतं.

मी बघितलं. चांगलं बघितलं. मी एक कोपर मारलं असतं तरी पुरे होतं. अजून अडीच तास होते, नंबर पुन्हा लिहिला असता तरी काम झालं असतं. आधी मला हसू आलं, की हॉटेलात सांगायला काय नामी किस्सा मिळाला! मग बोलायला बंदी आहे, असं मी मनाशी म्हणालो. आणि त्याच्याही खाली जे होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मी मान खाली घातली आणि त्यांच्याच टाकाने माझा पेपर पुरा केला.

निकाल लागला. अडुसष्ट मार्क घेऊन मी जिल्ह्यात पहिला आलो. बळवंतरावांच्या नावापुढे मार्कच नव्हते. त्यांनी अर्ज केला, त्याला तीन ओळींचं इंग्रजी उत्तर आलं. ते घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले, लिफाफा हातात धरून, पूर्वीसारखे.

"म्हणायलेत, पहिल्या पानावर नंबर न्हाई. पहिल्याच पानावर तर लिवला वो म्या!"

"असेल काहीतरी घोळ," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी हॉटेलात मी तो किस्सा सांगितला. का सांगितला, देव जाणे. पोटात मावेना म्हणून असेल. लोक अक्षरशः लोळले. दोन दिवसांत तो शिपायापर्यंत पोचला आणि शिपायाकडून बळवंतरावांपर्यंत. ते मला काहीच बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून कचेरीतलं कुठलंही रजिस्टर उघडण्याआधी ते एक क्षण थांबायचे, दोन्ही पुठ्ठ्यांवर हात ठेवायचे आणि मग सावकाश उघडायचे. मी परभणीला निघून गेलो.

दोन वर्षांनी कचेरीच्या कामासाठी जिंतूरला आलो तेव्हा त्यांच्या पेन्शनीला चार दिवस उरले होते. आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि आता मराठीतून कामकाज करायची बोलणी सुरू होती. मी त्यांच्या खोलीवर गेलो. भिंतींना चुना दिला होता, पण पातळ. आतली अक्षरं पुसट पुसट दिसत होती.

"आता मोकळे झालात. मानवतला जाऊन राहा की," मी म्हणालो.

"मानवतला कोन हाय? जावई गेल्या साली आदिलाबादला कापसाच्या जिनिंगमधी लागले. गोदी बी तिकडंच. आता तर तो मुलूख आंध्रात गेला." चुलीकडे वळून त्यांनी चहा ठेवला. "लांब हाय. आन् तांब्या तर तेवढाच हाय."

मला राहवेना. म्हणालो, "बळवंतराव, त्या दिवशी हॉलमध्ये तुमची वही मी बघितली होती. उलटी आहे हे मला कळलं होतं. मी बोललो नाही. चुकलं माझं."

त्यांनी उकळता चहा चुलीवरून उतरवला.

"मालूम हाय," ते म्हणाले. "तुमी बघितलं, ते म्या बघितलं होतं."

"मग त्या वेळी मला विचारलं का नाही?"

"इचारायचं कायला? वही उघडताना मला बी जरा शक आला होता. हाताला कायतरी येगळंच लागायलं होतं. पर तुमी टाक घेतला, वहीकडं नीट बघितलं, आन् गप लिहायला लागले. म्हणलं, मॅट्रिकसाबानं बघितलं, म्हंजी बराबर असल." त्यांनी चहा गाळला, भरलेला कप माझ्यापुढे ठेवला. "चुकलं असतं तर बोल्ले असते की."