त्रेचाळीस इंचांचा चव्हाटा

भरतेशच्या डोळ्यांनी तिनाचा आकडा आठ वाचला आणि कुपवाडच्या कारखान्यात साठ प्लेटा भंगारात गेल्या. भोक हवं होतं तेरा मिलिमीटरचं, पाडलं गेलं अठराचं.

पलूसमध्ये घरी बसून भरतेश कारखान्यांसाठी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं करायचा. त्यातलं निम्म्याहून अधिक काम दीपमाला मॅडमच्या या कुपवाडच्या कारखान्याचं. साठ प्लेटांच्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही, आणि त्याचीच भरतेशला जास्त धास्ती बसली.

"भरतेश, डोळे तपासून घ्या, नाहीतर स्क्रीन बदला. पुढच्या वेळी मी माणूस बदलेन."

सांगलीच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. मग सगळा दोष बिचाऱ्या पंधरा इंची लॅपटॉपवर आला. मोठा, झकास, फोर-के मॉनिटर घ्यायचं ठरलं. भरतेशनं आठवडाभर मोबाइलवर माहिती वाचली, वहीत टिपणं काढली आणि तिसऱ्या दिवसापासून जेवतानाही तो पिक्सेलबद्दल बोलू लागला. त्याची बायको प्रीती हायस्कूलला विज्ञान शिकवायची. तिलाही प्रश्नपत्रिका काढायला मोठा पडदा हवाच होता.

"एका बाजूला पुस्तक, एका बाजूला प्रश्नपत्रिका, आणि मधे उत्तरं," ती म्हणाली. "सत्तावीस इंचात बसेल का एवढं?"

सत्तावीस की बत्तीस, यावर दोघांचा चार दिवस खल चालला. शेवटी सांगलीच्या दुकानात गेल्यावर दुकानदारानं तिसरंच काढलं.

"सत्तावीसवर फोर-के घेतला तर अक्षरं मुंगीएवढी दिसणार साहेब. हा बघा त्रेचाळीस. यावर मुंगीसुद्धा झुरळाएवढी दिसतीय."

"झुरळ नको," भरतेश म्हणाला.

"घ्यायचंच तर एकदाच घेऊ या," प्रीती म्हणाली, आणि त्रेचाळीस इंच रिक्षात बसून, म्हणजे निम्मे आत आणि निम्मे बाहेर, एसटी स्टँडच्या अलीकडे उभ्या केलेल्या गाडीपर्यंत आले.

घरी खोकं उघडलं तेव्हा पहिली गंमत कळली. भरतेशचं टेबल आतल्या खोलीत दोन कपाटांच्या मधे होतं. ती जागा बरोबर छत्तीस इंच. मॉनिटरची रुंदी अडतीस.

"अहो, तुम्ही शतांश मिलिमीटरात मोजता ना?" प्रीतीनं विचारलं.

"ते कामाचं," भरतेश म्हणाला. "हे घरचं."

कपाटं हलवायची तर एकात देव होते आणि दुसऱ्यात प्रीतीचं संपूर्ण माहेर. त्यामुळे मॉनिटर बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर लागला. समोर खुर्ची टाकून भरतेश बसला, आणि तासाभरात त्याची मान दुखायला लागली. डावीकडचे आकडे बघून उजवीकडचं चित्र बघायचं म्हणजे बॅडमिंटनचा सामना बघितल्यासारखं व्हायचं. मग खुर्ची दोन फूट मागे गेली. मग आणखी दोन. शेवटी ती जवळजवळ उंबऱ्याला टेकली आणि भरतेश मांडीवर पाट, पाटावर कीबोर्ड घेऊन बसू लागला. इतक्या लांबून अक्षरं पुन्हा बारीक दिसायला लागली. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन ती दुप्पट केली. तरी बारीक. मग अडीचपट केली.

आता मात्र सगळं लख्ख दिसू लागलं. आठ आठासारखा, तीन तिनासारखा. मार्चचा उकाडा होता म्हणून दार सताड उघडं असायचं. दारासमोर बोळवजा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे आकारामचं केस कापायचं दुकान. दुकानाबाहेर गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक.

चौथ्या दिवशी भरतेश दाढीला गेला, तेव्हा आकारामनं त्याच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

"आवं भरतेशराव, केस गळत्यात तर मला इच्यारायचं की. त्या कांप्युटरला काय कळतंय?"

भरतेश दचकला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमीच की! परवा ह्याऽ मोठ्या अक्षरात लिवलं न्हवतं? 'टक्कल पडण्याची लक्षणं.' बाकावर सगळ्यांनी वाचलं. आन् मॅडमला चिठ्ठी लिवली ती बी चांगली हुती, पर माफी दोनदा मागितलीसा. एकदा पुरं हुतं."

बाकावर बसलेल्यांनी माना डोलावल्या. त्यात यल्लाप्पामामा होते. यल्लाप्पामामांनी कुपवाडला एकतीस वर्षं लोखंड कातायचं लेथ मशीन चालवलं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांचा मुक्काम या बाकावरच असायचा. ते भरतेशकडे असे बघत राहिले, की त्याला वाटलं, यांनी आणखी बरंच काही वाचलंय.

घरी येऊन त्यानं दाराला जुनी चादर अडकवली. खोलीची भट्टी झाली. पंख्याच्या वाऱ्यानं चादर फुगायची आणि मागून येऊन भरतेशच्या डोक्यावर बसायची. अशा अवस्थेत त्यानं मॅडमचं मोठं काम, पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग, पुरं केलं. तीनदा तपासलं. एकूण एक आकडा बरोबर होता. सकाळी अकरा वाजता त्यानं ते पाठवून दिलं आणि समाधानानं हात झटकले.

साडेअकराला चादर बाजूला सारून यल्लाप्पामामांनी आत डोकं घातलं.

"गड्या, रागवू नगंस. तू परवा त्ये पंपाचं झाकण काढत हुतास, मी निम्मं बघितलं आन् तू चादर लावलीस. दोन दिस झाले, डोक्यातनं जाईना. त्ये सा बोल्ट हायत बघ, त्यातल्या दोघास्नी पाना लावायचा कुठनं?"

"म्हणजे?"

"आरं, पंपाची बाजूची भित किती जवळ हाय! बोल्ट बसंल झकास. पर आवळाय पाना फिराय पायजे का नगं?"

भरतेशनं ड्रॉइंग उघडलं. त्रेचाळीस इंचांवर, अडीचपट आकारात, ते दोन बोल्ट भिंतीला गाल लावून उभे होते. आकडे सगळे बरोबर आणि झाकण आयुष्यात कधी घट्ट बसणार नव्हतं. त्यानं लगेच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मशीन थांबवा. ड्रॉइंगमध्ये चूक आहे."

मशीनवर पहिलाच तुकडा चढत होता. तो उतरवला गेला. मग मॅडमनी विचारलं,

"तुम्ही स्वतः पकडलीत?"

भरतेश माणूस सरळ होता. दुसऱ्याचं श्रेय घेणं त्याला जमणारं नव्हतं. पण केस कापायच्या दुकानासमोरच्या बाकाचं नाव घेणंही त्याला जमेना.

"नाही मॅडम. आमचे... सीनियर चेकर आहेत. त्यांनी."

"अरे वा! नाव काय त्यांचं?"

"वाय साहेब."

त्या दिवशी चादर उतरली. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या 'तपासले' या रकान्यात 'वाय साहेब' असं छापून जाऊ लागलं. यल्लाप्पामामा रोज नऊला बाकावर हजर. "त्यो कोपरा गोल कर, हात कापंल कुणाचा तरी," असं रस्त्यापलीकडून ओरडायचे आणि भरतेश तो कोपरा गोल करायचा. महिनाभरात एकही तुकडा वाया गेला नाही. खाजगी काही बघायचं असलं तर तो आपला मोबाइल घेऊन न्हाणीघरात जायचा.

आणि मग मॅडमचा फोन आला. "भरतेश, आज पलूसला काम आहे. चारला घरी येते. वाय साहेबांना भेटायचंच आहे मला."

वाय साहेबांना कुठं पाठवायचं, याचा भरतेशनं दुपारभर विचार केला. शेवटी पावणेचारला त्यानं मेल लिहायला घेतला. 'आदरणीय मॅडम, आमचे सीनियर चेकर वाय साहेब तातडीच्या कामासाठी बेळगावला...'

"आरं ए भरतेश!" बाहेरून खणखणीत हाक आली. "मी कवा गेलो बेळगावला? हितं बसलोय की!"

भरतेशनं वळून बघितलं. बाकावर यल्लाप्पामामा बसले होते. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, गळ्यात आकारामचा टॉवेल. बाकाशेजारी पांढरी गाडी, आणि गाडीशेजारी दीपमाला मॅडम. पत्ता विचारायला म्हणून त्या थांबल्या होत्या. त्यांची नजर पडद्यावरच्या 'बेळगाव'पाशी खिळली होती.

मेल पुसायचं भरतेशला भानच राहिलं नाही. पाट मांडीवरून घसरला.

"वाय साहेब म्हणजे आपणच का?" मॅडमनी विचारलं.

"सायेब कसला? यल्लाप्पा म्हणत्यात मला."

"पंपाच्या झाकणाचा पाना तुम्ही बघितलात? इथून?"

"मग? डोळं हायत की. एकतीस वर्सं त्येच केलंय, बाई."

मॅडमनी एकदा मामांकडे बघितलं, एकदा रस्त्यापलीकडच्या त्या भल्याथोरल्या पडद्याकडे. बाकावरच्या मंडळींनी सरकून जागा केली आणि मॅडम चक्क बसल्या. प्रीतीनं शाळेतून आल्या आल्या हा प्रकार पाहिला, आणि काही न विचारता चहा टाकला.

"भरतेश, तो मेल राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "गिअरच्या पेटीचं नवं ड्रॉइंग लावा. बघू या."

भरतेशनं मुकाट्यानं ड्रॉइंग उघडलं. मामा पुढे झुकले. आकारामनं वस्तरा मिटून खिशात ठेवला आणि तोही दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. निकाल लागायची वाट बघावी तसा भरतेश पाठमोरा, ताठ बसून राहिला. आता काम जाणार, हे त्यानं मनाशी धरूनच टाकलं होतं.

"भरतेश," शेवटी मॅडमचा आवाज आला.

"हो मॅडम?"

"खुर्ची जरा डावीकडे घ्या. तुमचं डोकं मधे येतंय."