वाढ कमी

आजोबांना एक वाईट खोड होती. फोनवर बोलतानाही शिवणयंत्राचं पायडल थांबवायचं नाही! साठ वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. पाय थांबले तर जीभही थांबेल, अशी त्यांची पक्की समजूत. सगळा घोळ त्यानेच झाला.

ज्येष्ठांच्या क्लबाने हौसेने सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. मंगळवारी आजोबांचा रिपोर्ट दुकानात आला. साखर ठीक, रक्त ठीक. शेवटच्या ओळीत मात्र ‘वाढीच्या संप्रेरकाशी संबंधित घटक : कमी’, आणि पुढे खाली तोंड केलेला लाल बाण.

आजोबांनी तडक घरी फोन लावला.

“अगं, रिपोर्टात... खडखडखड... वाढ कमी!”

“काय कमी?”

“वाढ! वाढ कमी!”

“बरं बरं, ओरडताय कशाला?” म्हणत आजीने फोन ठेवला.

आणि त्या दुपारपासून तिने इमानेइतबारे कमी वाढायला सुरुवात केली.

एक डाव भात. बस्स! ताटाच्या तळाला नक्षी आहे, हे आजोबांना चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. “एवढाच?” असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तर आजीचे डोळे भरलेले. म्हणजे डॉक्टरांनी हिला गुपचूप सगळं सांगितलंय तर!

तीन दिवस अर्धपोटी विचार करून शुक्रवारी त्यांनी पांढरं कापड काढलं आणि शाळेतून आलेल्या नातीला दारातच उभं केलं.

“हात पसर. तू डॉक्टर होशील तेव्हाचा कोट आत्ताच शिवून ठेवतो.”

“आजोबा, माझी अजून दहावी व्हायचीये!”

“म्हणून तर शिवणीत चार-चार बोटं माया सोडतोय. तू वाढशील. माझी वाढ संपली गं.”

नातीने रिपोर्ट हिसकावला, सायकल काढली आणि थेट दवाखाना गाठला. रांगेतल्या काकांना “दोनच मिनिटं हं!” म्हणत ती आत घुसलीसुद्धा.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून हसल्या. “या वयात आणखी कुठे वाढायचंय त्यांना? काही अभ्यासांत तर हे घटक कमी असलेले म्हातारे जास्त जगलेले दिसलेत. काहींत उलटही दिसलंय. एका आकड्यावर काही ठरत नाही. तुझे आजोबा ठणठणीत आहेत.”

रात्री जेवताना नातीने हे जाहीर केलं, तेव्हा आजोबांनी रिकामी वाटी आपटली.

“मग माझ्या ताटात हा दुष्काळ का?”

“अहो, तुम्हीच फोनवर बोंबललात ना! वाढ कमी, वाढ कमी! मला काय हौस होती? तुम्हाला अर्धपोटी बघून माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता!”

नात हसून हसून पाटावरून कलंडली.

“अगं, ती माझी वाढ! भाताची नव्हे!” आजोबांनी ताट पुढे सरकवलं. “कोटाचं कापड उद्याच घडी घालून ठेवतो. आठ वर्षांनी नवीन माप घेईन. आता वाढ भरपूर!”

आजीने डाव शिगोशीग भरला. तो ताटावर आला आणि अधांतरी थांबला.

“काय गं, वाढ कमी असली की माणूस जास्त जगतो, असंच म्हणाल्या ना बाई?”

“काही अभ्यासांत, आजी. फक्त काही!”

“मला तेवढे पुरेत.” आजीने अर्धा भात पातेल्यात परत टाकला. “आठ वर्षांनी कोट शिवायचाय ना तुम्हाला?”