मोठ्या सभागृहात साठ कलाकार

किन्शासातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात वाजवायची माझी लायकी आहे, हे मला फार आधीपासून माहीत होतं. प्रश्न होता तो इतरांना कळण्याचा.

आमचा पाच जणांचा रुंबा बँड मातोंगे वस्तीत बोलुम्बू मावशीच्या बारच्या अंगणात वाजवतो. अंगण एवढंसं, की मी गिटार जरा वळवली तरी कुणाची तरी बिअर आडवी होते. म्हणून सभागृहाची तारीख मिळाली तेव्हा मी मावशीला सांगून टाकलं, "मावशी, आता आपली भेट पोस्टरवरच!"

"जा बाबा," मावशी म्हणाली. "आम्ही येतोच ऐकायला."

आली. अख्खी गल्ली घेऊन आली. साठेक माणसं! एवढी बारमध्ये शिरली तर भिंत पाडावी लागेल. इथे दोन हजार खुर्च्यांत ती सांडलेल्या तिळांसारखी दिसत होती. बाकी कुणी आलंच नाही.

पहिलं गाणं संपलं. टाळ्या पडल्या असाव्यात. आमच्यापर्यंत पोचल्या नाहीत.

"अरे एनझुझी, तूच ना तो?" मागच्या रांगेतून मावशी ओरडली. "मुंगीएवढा दिसतोयस!"

"मग पुढे या की!"

पुढे म्हणजे कुठपर्यंत, हे मी सांगायला हवं होतं. सगळे स्टेजवरच चढले! मावशीने बिअरची खोकी मांडली. शिंपीणबाई स्पीकरवर बसल्या. मटण भाजणारा मुकेंडी चिमटा हातात घेऊनच आला होता. शेगडी आणली नाही, हे नशीब. दुसऱ्या गाण्याला सगळे नाचू लागले आणि मी पहिल्यांदाच जरा बरं वाजवू लागलो.

तेवढ्यात सभागृहाचे व्यवस्थापक कालोंजीसाहेब आत आले. त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, मग आम्हाला पाहिलं.

"लग्न कुणाचं आहे?"

"लग्न नाही साहेब, गाण्याचा कार्यक्रम."

"मग प्रेक्षक खाली बसतात. स्टेजवर फक्त कलाकार. नाहीतर वीज बंद करतो."

"आम्ही कलाकारच आहोत!" मावशी म्हणाली.

"सगळे?"

"सगळे."

साहेबांनी कोट सावरला आणि पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसले. "वाजवा."

आता माघार कसली! मुकेंडीने चिमटा वाजवला. शिंपीणबाईंनी स्पीकरवर थाप धरली. मावशीने बाटल्यांवर ओपनर फिरवला. उरलेल्यांनी जे सापडलं ते बडवलं. एकाने शेजाऱ्याला बडवलं. मी गिटारवर त्यांना आवरायचा प्रयत्न करत होतो, म्हणजे पुरात वल्हं मारत होतो. साठ कलाकार, एक प्रेक्षक!

शेवटी साहेब उठले. आता हे मातोंगेतसुद्धा वाजवू देणार नाहीत!

"अप्रतिम," साहेब मावशीला म्हणाले. "एवढा मोठा वाद्यवृंद या शहरात आहे आणि मला पत्ता नाही? पुढच्या महिन्यात पुन्हा या. सगळ्यांना आणा."

"आणते की!"

"फक्त तो गिटारवाला नको. एकटाच वेगळं काहीतरी वाजवत होता."

मावशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तारीख पक्की केली.

कार्यक्रम झकास झाला म्हणतात. मी गेलो होतो, पण मला जागा अगदी मागची मिळाली. तिथून काही दिसत नाही.