मसुरीचे केस

आमच्या शेजारच्या नानांना पोहे दिले, की ते आधी चिमूटभर तळहातावर घेतात, अंगठ्याने पसरतात, फुंकर मारतात आणि निकाल देतात, "माल चांगला हाये, पन कीड हाये."

कीड नसते. मी पोहे चाळून घेते. पण नाना मूळचे असोद्याचे, आणि सगळी नोकरी जळगावच्या एका दाळमिलमध्ये, आलेल्या पोत्यात हात घालून माल पास करण्याची. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. माझ्या नणंदेला सांगून आलेला मुलगा त्यांनी जिन्यात पाच मिनिटं पाहिला आणि हेच म्हणाले. पुढे त्या मुलाचं आधीचं एक लग्न निघालं. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये नानांची दहशत आहे.

अशा माणसाच्या घरी गिनीपिग आला. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची बदली झाली, त्यांना पिंजरा नेणं जमेना.

"मिलमधी जलम गेला उंदरं हाकलन्यात, आन् आता घरात पाळू?" नाना कडाडले.

पण अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ती मादी ठेवून घेतली. अक्का नुकत्याच मोठ्या आजारातून उठल्या होत्या. औषधांनी गेलेले केस कुठे बोटभर आले होते, म्हणून डोक्यावर कायम पदर. त्यांच्यापुढे नानांचं काही चालत नाही. तासाभराने नानांनीच तिचा रंग पाहून नाव ठेवलं, मसुरी.

आठ दिवसांत मसुरी खाजवायला लागली. मागच्या पायाने कराकरा, दिवसभर. केस गळायला लागले, पाठीवर सुपारीएवढं टक्कल पडलं. तिच्याबरोबर नानांचंही बसणं संपलं. सकाळी सातला आमची बेल. "पोरी, टॉर्च आन." आठला पुन्हा बेल, दहाला पुन्हा. "कीड हाये. मी सांगतो, कीड हाये." मी वैतागून बेलचं बटणच बंद केलं, तर दार वाजवायला लागले.

तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. वर्षाच्या तूरडाळीला लावतात तसं एरंडेल चोळलेली मसुरी सुपात बसली होती आणि नाना तिला ऊन दाखवत होते. जळगावचं ऊन! मी सूपच उचललं, नानांना रिक्षात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

"आजोबा, ही डाळ नाहीये," डॉक्टरीणबाई चिडल्या. "उन्हानं मेली असती."

नानांचा चेहरा उतरला. मग बाईंनी कातडी खरवडून तपासली आणि म्हणाल्या, आत बारीक किडे आहेत. एरवी ही बातमी नानांनी अख्ख्या गल्लीला ऐकवली असती. त्या दिवशी एवढंच विचारलं, "केस येतीन ना?"

वजन करून इंजेक्शन दिलं, काही दिवसांनी दुसरं. तेल बंद, ऊन बंद, पिंजरा रोज साफ, खायला पेरू आणि ढोबळी मिरची.

"पन केस येतीन ना?" नानांनी चौथ्यांदा विचारलं.

पुढे एकदा मी सकाळीच त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. नाना पिंजऱ्यातल्या फडक्यावरचा एकेक केस डाळीतल्या खड्यासारखा भराभर वेचत होते आणि खिशात टाकत होते.

"नाना, उशी भरताय की काय?"

ते हसले नाहीत. "तिच्या नजरेले पडाले नको. जीव घाबरतो."

मला हसू आवरेना. ही गंमत सांगायला मी स्वयंपाकघरात गेले. अक्का मिरची चिरत होत्या. त्याही हसल्या नाहीत.

"माह्या डोक्यावरचे सगळे गेले, पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "पन उशीवर मले एक केस कधी दिसला नही. हे सकायीच उठून येचून घेत. मी डोये मिटून पडून राहे. त्याह्यले वाटे, मी झोपेल हाये."

विरजणाची वाटी घेऊन मी घरी आले. त्या बंद केलेल्या बेलची मला फार लाज वाटली.

दुसऱ्या इंजेक्शननंतरच्या रविवारी पुन्हा दार वाजलं. नानांनी टॉर्च मागितला नाही. "चाल," एवढंच म्हणाले.

मसुरीच्या टकलावर बारीक, फिकी लव आली होती. अक्का वाकून पाहत होत्या, पदर खांद्यावर घसरला होता. नानांनी त्या लवेवरून अंगठा फिरवला आणि अक्कांकडे बघितलं.

"तुह्येबी पहिले असेच मऊ आले व्हते."

"असं?" अक्का म्हणाल्या. "माह्यं ध्यानच नव्हतं."

नाना थोडा वेळ दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिले. "माल चांगला हाये," म्हणाले.

मी पुढचं ऐकायला थांबले. पण नाना पेरू कापायला उठले होते.