विठूकाका पायउतार होतात

दशावतारातला राजा हरण्यासाठीच असतो. सुरुवातीला त्याने सिंहासन म्हणून मांडलेल्या बाकड्यावर ऐटीत बसायचे, मध्यावर कुणीतरी येऊन त्याचे राज्य हिसकावायचे आणि उजाडता उजाडता देवाच्या कृपेने ते त्याला परत मिळायचे. आमच्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मान्य नव्हते ते फक्त विठूकाका धुरींना. कंपनीतला राजपार्ट त्यांचा, आणि एकदा बाकड्यावर बसले की ते राज्य सोडत नसत.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. दशावतारात लिहिलेले नाटक नसते. संध्याकाळी तोंडाला रंग लावता लावता मालक कथा सांगतो आणि बाकीचे बोलणे ज्याचे त्याने देवळासमोर उभ्या उभ्या रचायचे. म्हणजे ज्याला हरायचे असते त्याने आपल्याच तोंडाने हरायचे. बाकीचे नट हे समजुतीने करीत. विठूकाकांचे म्हणणे असे की, समोरच्याला राज्य हवे असेल तर त्याने ते बोलून मिळवावे. आपण होऊन वाटायला ते काय परसातले दोडके आहेत?

एका जत्रेत ते हरिश्चंद्र झाले होते. विश्वामित्र आला आणि म्हणाला, "राजा, काल स्वप्नात तू मला राज्य दान केलेस. ते आता दे." यावर हरिश्चंद्राने "घ्यावे मुनिवर" म्हणून उठायचे असते. विठूकाकांनी मिशी पिळली आणि सांगितले, "मुनिवर, स्वप्नात दिलेले राज्य स्वप्नातच येऊन न्यावे. आज आम्ही लवकर निजू." विश्वामित्राने शापाची भीती घातली. त्यावर, सत्याने चालणाऱ्याला शाप बाधल्याचे कुठल्या पुराणात आहे ते आधी दाखवा, असे उत्तर मिळाले. हे कोंबडा आरवेपर्यंत चालले. तारामतीचे काम करणारा बिचारा लुगडे नेसून, अंबाडा बांधून आत वाट पाहत होता, तो तसाच भिंतीला टेकून घोरू लागला. काशी राहिली, डोंब राहिला. सकाळी देवळाच्या मानकऱ्यांनी कंपनीच्या मालकांना, म्हणजे नानांना, नारळ देताना एवढेच विचारले, "नाना, तुमचो हरिश्चंद्र जिंकलो तो कसो?"

विठूकाका माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या अंगणांच्या मध्ये कुंपणाचा, चिऱ्यांचा एक बुटका गडगा होता. त्याच्या पलीकडे ते आणि अलीकडे मी, असे आम्ही तासन्‌तास बोलत उभे असू. मी मालवणात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो, म्हणून ते मला कंपावंडर म्हणत. राजाला शोभेल असे त्यांच्या देहात काही नव्हते. उंची बेताची, छाती आत गेलेली, पाय फेंगडे. पावसाळ्यात पंचा नेसून चिखलात नांगर धरलेल्या या माणसाला बघून कुणी रामरामही केला नसता. पण दिवाळी झाली, जत्रा सुरू झाल्या आणि बेगडाचा मुकुट डोक्यावर चढला, की तोच माणूस छापील पुस्तकासारखे बोलू लागे आणि पुढच्या ओळीतली म्हातारी माणसेसुद्धा सावरून बसत.

राज्य कसे चालते याचे त्यांचे एक शास्त्र होते. ते मी गडग्यावर बरेच ऐकले.

"राज्य मिळवचा सोपा आसा, कंपावंडर. बापाशीचा मिळता, नायतर दुसऱ्याच्या बापाशीचा घेवचा. कठीण ता टिकवचा."

"मग टिकवायचं कसं?"

"उठाचा नाय."

"एवढंच?"

"तेच्यातच सगळा इला. राज्य तलवारीन जायना. राजा कायतरी कामाक उठता आणि परत येवन बघता तर थंय दुसरो बसलेलो."

हे नुसते बोलणे नव्हते. जत्रेच्या दिवशी दुपारनंतर ते पाण्याचा थेंब घेत नसत, का ते सांगायला नको. एस.टी.त जागा असली तरी उभ्याने प्रवास करीत, कारण बसले तर मालवण आल्यावर उठावे लागणार. एकदा सावंतवाडीच्या बाजारात लाकडी खेळण्यांच्या दुकानात ते एक चिमुकले सिंहासन निरखत होते. दुकानदार हसून म्हणाला, "आता खंयचे राजे, काका? संस्थाना गेली." विठूकाका माझ्याकडे वळले आणि गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे आता आमीच काय ते रवलों." गावी परतल्यावर त्यांनी मुकुटाला नवा बेगड लावला. जबाबदारी वाढली होती.

घरात मात्र हे शास्त्र चालत नसे. आनंदीकाकू चुलीजवळून नुसते "उठा" म्हणाल्या की राजे ओट्यावरून उठत, पंच्याला लागलेली धूळ झटकत आणि विहिरीकडे निघत. मी हसलो तर म्हणत, "हंय राज्य तिचा. मी मांडलिक."

कंपनीत पुढे सदू नावाचा एक तरणा नट आला. धिप्पाड, खणखणीत आवाजाचा. राज्य हिसकावण्याची कामे त्याच्याकडे आली. पहिल्याच वर्षी त्याने नवी युक्ती काढली. नुकत्याच ग्रामपंचायतीच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. तो गरजला, "राजा, तुझी सत्ता कुणाला हवी आहे? विचार तुझ्या प्रजेला." आता काका अडकले असे आम्हाला वाटले. काका शांतपणे प्रेक्षकांकडे वळले. "प्रजाजनहो, ज्यांना आम्ही हवे आहोत त्यांनी हात वर करावा." देवळासमोरची झाडून सगळी माणसे हात वर करून बसली. पेटीवाल्यानेही हात वर केल्यामुळे पेटी बंद पडली. सदू तसाच तलवार खांद्यावर टाकून आत गेला आणि नारदाला वेळेआधी बाहेर पाठवावे लागले.

लोक हसले, पण नानांचे डोके फिरले. शिवाय काकांचे वय साठीकडे झुकले होते आणि त्यांच्या गुडघ्यांची तक्रार मला रोज ऐकावी लागत होती. मी दिलेले तेल चोळून काही उपयोग होत नव्हता. एक दिवस नाना स्वतः त्यांच्या अंगणात आले. मी गडग्याजवळच होतो.

"विठू," नाना म्हणाले, "येत्या जत्रेक आपल्या गावात धाकट्या भावाची कथा लावतंय. सदून तुझ्याकडसून राज्य बोलान घेतल्यान, तर फुडच्या वर्सापासून राजपार्ट तेचो. नाय जमला, तर तेका सोडतंय. मगे तो मुंबैक गिरणीत जांवदे. माका एकदाच काय ता ठरवन टाकूचा आसा."

"घेवंदे की," काका म्हणाले. "जमला तर."

नाना गेल्यावर काका मिशीला पीळ देत गोठ्याकडे वळले. राज्य जायची भीती असलेल्या माणसाची ती चाल नव्हती. पण संध्याकाळी आनंदीकाकू गडग्यावर आल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या.

"ह्येंचे गुडगे गेले, ता मी बघतंय. आता बसान खावचा वय. पण माका भिया वाटता. मुकुट उतरल्यार ह्या माणसान करूचा काय? पोर ना बाळ. जत्रेत चार गावची माणसा 'राजे इले' म्हणतत ना, थंयच ते जिते असतत. हंय तेंका हाक मारणारी मी एकटीच."

इतकी वर्षे मी त्या हट्टावर पोट धरून हसत होतो. त्या दिवशी मला हसू आले नाही.

जत्रेला मी लवकर जाऊन पुढे जागा धरली. माझ्या शेजारी गोणपाटावर सदूची आई बसली होती. पोरगा आज राजा होणार म्हणून ती आपल्या गावाहून चालत आली होती. हातात देवळातला अंगारा पुडीत बांधून ठेवलेला होता.

कथा सरळ होती. थोरला भाऊ राजा, धाकटा वनवासातून परत येऊन राज्य मागतो. सदू आला तो गर्जना करीतच. "दादा, या सिंहासनावर माझाही हक्क आहे." काकांनी त्याला नखशिखांत न्याहाळले आणि म्हणाले, "हक्क मागणाऱ्याने आधी सांगावे, बंधो, की मिळाल्यावर तू करणार काय?"

प्रश्न साधा होता, पण सदूला उत्तर सुचेना. त्याने तोंड उघडले, मिटले. पेटीवाल्याने सूर धरून त्याला वेळ दिला. पुन्हा दिला. मागे कुणीतरी खोकले, मग कुणीतरी हसले, आणि ते हसणे पसरत चालले. सदू घामाने निथळत होता, त्याच्या तोंडावरचा रंग गळ्यावर उतरला होता. त्याच्या आईने पदर तोंडाशी नेला आणि मान खाली घातली.

काकांनी हे सगळे बघितले. आता एक शेवटचा टोला, की सदू मुंबईला आणि राजे बाकड्यावर कायमचे, असे मला वाटले.

"बंधो," काका सावकाश म्हणाले, "तू गप्प का, ते आम्ही जाणतो. थोरल्या भावाचे दोष सांगायला तुझी जीभ रेटत नाही. तुला म्हणायचे आहे की दुष्काळात आम्ही धान्याची कोठारे उघडली नाहीत."

"उघडली नाहीत," सदू कसाबसा म्हणाला.

"आणि प्रजा वनात कंदमुळे खात होती तेव्हा तू तिच्याबरोबर होतास."

"होतो." सदूचा आवाज थोडा वर आला. "मी होतो, दादा. तू नव्हतास."

"आम्ही कुठे होतो?"

"तू इथेच बसून होतास." आता तो एक पाऊल पुढे आला. "इथून उठला नाहीस म्हणून तुला माणसे कधी दिसलीच नाहीत. तुला वाकलेली पागोटी तेवढी दिसली."

असे वाक्य त्या देवळासमोर आम्ही ऐकले नव्हते. मी काकांकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलले. उत्तर तयार होते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी ते गिळले.

"आम्ही निरुत्तर झालो," ते म्हणाले. त्यांनी मुकुट काढून मांडीवर ठेवला आणि हात पुढे केला. लोकांना वाटले, भावाला आशीर्वाद देत आहेत. आम्हा पुढच्या ओळीतल्यांनाच खालच्या आवाजातली मालवणी ऐकू आली, "धर रे हात. गुडगो अडाकलो."

धाकट्या भावाने थोरल्याला हाताला धरून सिंहासनावरून उतरवले. टाळ्या थांबेनात. सदूची आई रडत होती.

सकाळी आम्ही दोघे पाणंदीने घरी निघालो. वळणावर गुडघा चोळायला काका थांबले. मग म्हणाले, "बरो बोललो ना सदू?"

"तुमच्याकडे उत्तर होतं, काका."

"होता."

"मग दिलं का नाही?"

"तेची आवस फुड्यात बसलेली, पदर तोंडाक लावन, कंपावंडर."

"काय होतं ते उत्तर?"

"ता तुका कित्याक? सदूक सांगीन. राजपार्ट करताना तेका लागतला."

पुढच्या वर्षीच्या जत्रेला जायला ते तयार नव्हते. काकूंनी मला पुढे केले आणि मी त्यांना ओढूनच नेले म्हणायला हरकत नाही. चार गावची माणसे होती, पण अंगात सदरा आणि डोक्यावर टोपी घातलेल्या त्या म्हाताऱ्याला फारसे कुणी ओळखले नाही. आम्ही मध्येच कुठेतरी जमिनीवर जागा करून बसलो. मृदंग वाजला, पडदा बाजूला झाला आणि सदू राजाच्या वेशात पुढे आला. मशालीसारखा तेजाळ दिसत होता. लोक सावरून बसले.

काका मान उंच करून टक लावून बघत होते. बऱ्याच वेळाने माझ्या कानाशी वाकले.

"इतकी वर्सा राजा झालंय, पण राजा मी कधी बघूकच नाय. तो भायरसून असो दिसता होय?"

"तुम्ही याहून छान दिसत होता, काका."

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मीसुद्धा नाही.

"खरा सांगतंस?" त्यांनी विचारले.

मी "खरंच" म्हटले. मग उजाडेपर्यंत ते माझा हात धरून बसले होते.