व्हर्लीन आजीच्या संरक्षणाची व्यवस्था

माणूस म्हातारा झाला की त्याच्या जिवाची काळजी त्याला सोडून बाकी सगळ्यांना वाटायला लागते. हा निसर्गाचा नियम आहे, आणि अमेरिकेतल्या आमच्या डॉगवुड फोर्क गावात तो बायबलमधल्या दहा आज्ञांपेक्षा कडक पाळतात. दहा आज्ञांमध्ये तरी पळवाटा काढता येतात.

माझी आजी व्हर्लीन. वय एक्क्याऐंशी. चोपन्न वर्षं एकाच घरात. सात कोंबड्या, भेंडीचे दोन वाफे, दोन्ही मनगटांत संधिवात. ऑगस्टमध्ये एका दुपारी शेजाऱ्यांचा बोकड तिच्या स्वयंपाकघरात शिरला आणि मक्याच्या पावाचा अख्खा तवा चाटूनपुसून गेला. आजीने डॉयल मामाला फोन केला. म्हणाली, "अरे, आज घरात बोकड शिरला. मागच्या दाराची कडी बसत नाही, चौकट बोटभर खचलीय. कोणीतरी येऊन बघून जा." मामाला यातलं 'घरात शिरला' एवढं ऐकू आलं. पुढच्या तासाभरात सगळ्या खानदानाला कळलं की आईच्या घरात कोणीतरी शिरलं होतं.

(घुसखोरीची अधिकृत आकडेवारी अशी: चोपन्न वर्षांत एकूण घुसखोर एक. पाय चार. शिंगं दोन. हत्यार आणलं होतं का, याची नोंद नाही.)

रविवारी चर्च सुटल्यावर आजीच्याच घरी बैठक बसली. आजीने चिकन केलं, बीन्स केल्या, पीचचा गोड पदार्थ केला, आणि मग तिला सोफ्यावर बसवून तिच्याबद्दल चर्चा सुरू झाली. डॉयल मामा थोरला, म्हणून अध्यक्ष. रँडल मामा मधला, पेशाने सुतार, त्याने बनवलेली कपाटं बघायला लोक तीन काउंट्यांमधून, म्हणजे तीन जिल्ह्यांमधून, येतात. टॅमरा मावशी सगळ्यात धाकटी, आणि तिचा फोन हा आमचा प्रसिद्धी विभाग. आमच्या घरात कोणाची आईवर किती माया आहे हे, तो तिला कुठली बंदूक सुचवतो त्यावरून ठरतं. त्यामुळे वातावरण गंभीर होतं.

"आई, सरळ सांगतो," डॉयल मामा म्हणाला. "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण येईपर्यंत तुझ्याकडे तुला पेलेल अशी बंदूक पाहिजे. नाहीतर वृद्धाश्रम. एकटी, बिनहत्यारी बाई म्हणजे चोराला जेवायचं आमंत्रण."

"तिथे कोंबड्या चालतात का?" आजीने विचारलं.

"नाही चालत."

"मग बघू या बंदुका," आजी म्हणाली. "पण रँडल, तू आलाच आहेस तर ती कडी तेवढी..."

"आई, विषय भरकटवू नकोस ना," रँडल मामा म्हणाला. त्याने मागच्याच दाराला पाठ टेकली होती. दार हललं तसा तो जरा सरकून बसला.

पहिला प्रस्ताव अध्यक्षांचा. शॉटगन. शॉटगनचं शास्त्र असं आहे की ती उडवायची गरजच पडत नाही. नळीखालचा दस्ता मागेपुढे ओढला की जो खटाक-खटाक आवाज येतो, तो ऐकूनच चोर चड्डी ओली करून पळतो. ही गोष्ट आमच्या काउंटीतल्या शंभर टक्के पुरुषांना माहीत आहे. असा पळालेला चोर बघितलेले पुरुष: शून्य. (म्हणजे चोर किती लांब पळतो बघा.)

आजीच्या मनगटाला तो दस्ता ओढवेना. मामा म्हणाला, "जोर लाव, आई." आजीने जोर लावला आणि तिच्या कोपराने पीचची वाटी कलंडली. शेवटी मामाने स्वतः ओढून दिला आणि तिला परसात भोपळ्यावर एक बार काढायला लावला. भोपळ्याला काही झालं नाही. आजी वाफ्यात बसली. तिच्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा वण उठला आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये बायकांनी तो बघून तिचं अभिनंदन केलं.

"सवय होते," मामा म्हणाला. "ठेव तुझ्याकडे. वापरून बघ."

इथे आमची एक रीत सांगायला हवी. आमच्यात बंदूक सुचवून चालत नाही. आपलीच आणून समोरच्याच्या घरी ठेवायची, वापरून बघ म्हणायचं, आणि परत न्यायची नाही. परत नेली तर आपली बंदूक आईला आवडली नाही असा अर्थ होतो, आणि ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या काढलं जातं.

म्हणून रँडल मामाने पिस्तूल आणलं. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय गोळी नळीत चढत नाही. तो आजीला ओढवेना, मलाही पहिल्यांदा ओढवेना. मामाने दोन मिनिटांत तोडगा काढला: कायम भरलेलंच ठेवायचं. कुठे? तर मापाच्या चमच्यांच्या खणात, म्हणजे पटकन हाताशी. त्या दिवसापासून आजीने मापाने स्वयंपाक करणं सोडलं. अंदाजाने मीठ टाकायला लागली. यावर टॅमरा मावशीने काढलेला निष्कर्ष: "आईला आता चव कळत नाही गं. वय झालं."

मग मावशी आम्हा दोघींना बंदुकांच्या दुकानात घेऊन गेली. गाडी मी चालवली, कारण शाळा सोडल्यापासून सगळ्या घराच्या मते मी रिकामीच असते. ते दुकान आधी अर्धंच होतं, शेजारी हार्डवेअरचं दुकान होतं. ते बंद पडलं आणि बंदुकवाल्याने मधली भिंत पाडली. याला आमच्याकडे विकास म्हणतात.

विक्रेत्याची दाढी बेल्टपर्यंत होती आणि बोलणं लोण्यासारखं. "बोला आजी, तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते?"

दोन महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारला. आजी सरसावून बसली. म्हणाली, "मागच्या दाराची."

विक्रेत्याने डोळे मिटून मान हलवली. "मागून येणारे सगळ्यात वाईट."

"नाही हो, दारच. कडी बसत नाही. इथे पूर्वी कड्या मिळायच्या. पट्टी, स्क्रू, सगळं."

"ते बंद झालं," तो म्हणाला आणि काउंटरखालून एक गुलाबी रिव्हॉल्वर काढलं. बायकांची बंदूक आणि पुरुषांची बंदूक यांत तांत्रिक फरक पुष्कळ असतात. पहिला फरक रंगाचा. बाकीचे त्याला आठवेनात.

रिव्हॉल्वरचा चाप ओढायला साडेपाच किलोचं बळ लागतं. आजी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला मला फोन करते. तिने आधी एका बोटाने ओढला, मग दोन, मग दोन्ही हातांच्या मिळून चार. चाप जागचा हलला नाही, पण नळी हळूहळू फिरत विक्रेत्याच्या दाढीवर स्थिरावली. "छान पकड आहे," तो म्हणाला आणि बाजूला सरकला. खरं सांगायचं तर मलाही ते रिव्हॉल्वर आवडलं. माझं मत त्यालाच होतं, आणि मी ते गाडीत बसून घरी येईपर्यंत दोघींना ओरडून पटवत होते.

मावशीने ते रिव्हॉल्वर आजीला घेऊन दिल्याचं डॉयल मामाला कळल्यावर तो लष्करी छापाची रायफल घेऊन आला. तिला टॉर्च, दुर्बीण, पट्टा आणि लाल ठिपका टाकणारा दिवा. "ठिपका जिथे, गोळी तिथे," मामाने परसात उभं राहून समजावलं. "लहान पोरालाही जमेल." ठिपका जमिनीवर पडला आणि सातही कोंबड्या त्याच्यामागे लागल्या. मामाने ठिपका आपल्या बुटावर आणला तेव्हा त्या बुटावर तुटून पडल्या. मामा दोन पावलं मागे सरला, कोंबड्या चार पावलं पुढे आल्या. त्या संपूर्ण हंगामात आजी एकदाच हसली, ती तेव्हा. मामा आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा बाकीच्या नातेवाइकांनी आणून ठेवलेल्या धरून परिस्थिती अशी होती: बंदुका नऊ. हात दोन. ढगाळ हवेत चालणारे हात, एकही नाही. छत्र्यांच्या डब्यात शॉटगन, पिठाच्या डब्यामागे गुलाबी रिव्हॉल्वर, गोधडीखाली रायफल. आजीला चहाची गाळणी सापडेना. मागच्या दाराला ती वाऱ्याच्या दिवशी खुर्ची लावायची, आणि खुर्ची लावली की जेवायला उभी राहायची, कारण दुसऱ्या खुर्चीवर काडतुसांच्या पेट्या होत्या.

टॅमरा मावशीने सगळ्या नऊ बंदुका जेवणाच्या टेबलावर मांडल्या, मध्ये आजीला उभं केलं आणि फोटो काढला. फेसबुकवर टाकला. वर लिहिलं, 'आमची आई आता तयार आहे. या कोणाला यायचंय ते.'

लोकांना एवढं प्रेमाने बोलावल्यावर कोणीतरी येणारच.

दर गुरुवारी दहा ते बारा आजी केस सेट करायला जाते. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण चाळीस वर्षं तेच चाललंय. त्या गुरुवारी साडेबाराला मी तिला घरी आणून सोडलं तर नऊच्या नऊ बंदुका गायब. टीव्ही जागेवर. बशीत काढून ठेवलेली लग्नाची अंगठी जागेवर. चोराने मागचं दार ढकललं, आत आला, सामान नेलं, आणि जाताना दार वाऱ्याने आपटू नये म्हणून बाहेरून विटेचा टेकू लावून गेला. आजीने ती वीट पायाने हलवून बघितली.

"तीन महिन्यांत दाराकडे कोणीतरी लक्ष दिलं," ती म्हणाली.

शेरीफचा, म्हणजे आमच्या काउंटीच्या पोलिसप्रमुखाचा, माणूस आला. तो रँडल मामाचा शाळासोबती. वही काढून म्हणाला, "बंदुकांचे नंबर सांगा. नंबर असले की शोधता येतात."

डॉयल मामाने छाती पुढे काढली. "आम्ही नंबर लिहून ठेवत नाही. तत्त्व आहे. आज कागदावर लिहिला की उद्या सरकारच्या हातात जातो."

शेरीफच्या माणसाने वही मिटली. सरकारी पगार त्यालाच मिळतो, पण त्याच्या चेहऱ्यावर आदर दिसला. "बरोबर आहे. मीपण नाही लिहीत." तो आजीकडे वळला. "काकू, खरं सांगू का? घरात एखादी बंदूक असती ना, तर हे झालं नसतं."

"मी नव्हते रे घरात," आजी म्हणाली.

"तेच तर."

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "अहो, दार उघडं होतं. कडी लागतच नाही."

"जोली, मोठी माणसं बोलतायत," डॉयल मामा म्हणाला. "आधी शाळा पुरी कर, मग कड्यांचं बोल."

थँक्सगिव्हिंगला टर्की कापायच्या आधी बैठक झाली. झाल्या प्रकाराचा सखोल अभ्यास करून तीन निष्कर्ष एकमताने मंजूर झाले. एक, हे घर असुरक्षित आहे. दोन, आता चोरांकडे नऊ बंदुका आहेत, तेव्हा आईकडे किमान दहा हव्यात. तीन, दहा बंदुका सांभाळणं आईच्या वयाला झेपणार नाही. यातून जे निघायचं तेच निघालं. आजीने शेवटचं एकदा विचारलं, "रँडल, तुझ्या गाडीत ड्रिल असतं ना रे?"

"कायम असतं. का गं?"

"काही नाही. टर्की गार होतेय."

कोंबड्या शेजाऱ्यांना दिल्या, बोकडवाल्यांनाच. आजी वृद्धाश्रमात गेली. तिथे दारावर पाटी आहे, आत बंदूक आणायला मनाई. त्यामुळे दोन्ही मामा भेटायला जाताना आपापल्या बंदुका गाडीत ठेवतात आणि आत अवघडून बसतात, जणू पँट घालायला विसरलेत.

मार्चमध्ये घर विकायला काढलं. दलाल फिरून बघून म्हणाला, "बाकी ठीक आहे, मागच्या दाराची कडी तेवढी बसवून घ्या. त्यावरून गिऱ्हाईक भाव पाडतं." रँडल मामाने गाडीतून ड्रिल आणलं. कडीची पट्टी बोटभर खाली सरकवली, चार स्क्रू मारले. मी घड्याळ लावून बसले होते. सहा मिनिटं, त्यातलं एक मिनिट तो चहा पीत होता.

त्या रविवारी मी आजीकडे गेले. तिची खोली बरी आहे. दार बाहेरून आकडे दाबूनच उघडतं, ते आकडे आजीला सांगत नाहीत. ती म्हणाली, "पोरी, इथली कडी मात्र छान बसते."

आता तुम्ही शहाणी माणसं, शाळा पुरी केलेली. आमच्या खानदानाला इथपर्यंत मनसोक्त हसलात. कडीचं मी दुसऱ्याच परिच्छेदात सांगितलं होतं. चौकट किती खचलीय, तेही सांगितलं होतं. तिथे थांबून 'अगं, आधी कडी बसव की' असं तुमच्यातले किती जण म्हणाले? आणि आजीच्या हाताला शॉटगनपेक्षा रिव्हॉल्वर बरं पडलं असतं का, यावर मात्र तुमचं मत केव्हाच तयार आहे.