खिडकी क्रमांक तीनवरील जेल पेनाचे मूल्यमापन

अपत्य जन्मल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याचे नाव नगर कार्यालयात नोंदवावे, असा आमच्या जपानात कायदा आहे. त्यास अनुसरून मी, माशाच्या वड्यांच्या कारखान्यातील कामगार हामाबे तोकुजी, चौदाव्या दिवशी दुपारी चार वाजता खिडकी क्रमांक तीनसमोर नम्रपणे उभा राहिलो. आधीचे तेरा दिवस माझ्या सासऱ्यांनी नावाच्या अक्षरांतील रेघा मोजण्यात घालवले होते. रेघांची संख्या अशुभ आली तर मुलगी हट्टी निघते, असे त्यांचे ठाम मत आहे. अखेर ‘सुझुनो’ हे नाव कसोटीस उतरले. निघताना पत्नी चिनात्सु म्हणाली, “अहो, नाव लागल्याशिवाय घरी येऊ नका. आणि कुणाला वाईट वाटेल म्हणून तिथं गुळमुळीत बोलू नका.” मी मान डोलावली.

खिडकीच्या फळीवर मण्यांच्या साखळीला बांधलेला काळा जेल पेन होता. त्याने मी अर्ज भरला. इतका उत्तम पेन मी जन्मात हाती धरला नव्हता, हे येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. शाई कुठे तुटली नाही, कुठे साचली नाही. माझ्या हातांना माशाचा ओलावा कायमचाच. तरी पकड घसरली नाही.

खिडकीतील शिरोउझु बाईंनी अर्ज पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हामाबे-सान, हे कशानं लिहिलंत?”

“या पेनानं.”

“अगंबाई! तो तर मूल्यमापनाधीन आहे.”

“म्हणजे?”

“त्याची शाई टिकाऊ धरायची की नाही, ते अजून ठरायचंय. तोवर त्यानं लिहिलेला अर्ज घेता येत नाही.”

“मग तो इथं ठेवलाय कशाला?”

“आता काय सांगावं! लोकांनी लिहिल्याशिवाय मूल्यमापन व्हायचं कसं?”

या युक्तिवादात मला कुठेही फट सापडली नाही. मी खिशातून स्वतःचा बॉलपेन काढला, तेव्हा बाईंनी भिंतीवरील सूचनेकडे बोट केले: बाहेरील लेखनसाधनांस मनाई आहे. पूर्वी एका जोडप्याने उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या शाईने विवाहाची नोंद केली होती. हिवाळ्यात ती फाइल हीटरशेजारी राहिली आणि लग्न पुसले गेले. जोडप्यास तसे कळवले असता दोघांनीही, वेगवेगळ्या पत्त्यांवरून, आभाराची पत्रे व खरबुजांच्या पेट्या पाठवल्या. त्यामुळे प्रकरण अधिकच गंभीर मानले गेले.

“मूल्यमापन संपणार कधी?” मी विचारले.

“कुणी स्पष्ट मत दिलं की.”

त्यांनी मतपत्रिका पुढे केली. लेखनाचा ओघ, शाई सुकण्याचा वेग, पकड, टोपणाचा आवाज, एकूण रूप. आणि खाली निर्णयाचे पाच चौकोन: फार चांगला, चांगला, सांगता येत नाही, वाईट, फार वाईट. सहा वर्षांत चार हजार दोनशे बारा नागरिकांनी मत नोंदवले होते आणि ते सर्व तिसऱ्या चौकोनात होते. एका आजोबांनी एकदा ‘चांगला’वर खूण केली होती, परंतु रात्रभर झोप न लागल्याने ते सकाळी येऊन, आपल्या आगाऊपणाची क्षमा मागून, ती बदलून गेले.

इतक्यात पेन-मूल्यमापन समितीचे प्रमुख नुकादा साहेब स्वतः बाहेर आले व कमरेत वाकले.

“हामाबे-सान, एक माणूस पुरे आहे. ‘चांगला’ म्हणा, पेन मंजूर, तुमचा अर्ज मंजूर. ‘वाईट’ म्हणा, पेन रद्द. कपाटातला जुना काढून देतो, अर्ज पुन्हा लिहा. काहीही म्हटलंत तरी सव्वापाचला खिडकी बंद व्हायच्या आत तुमच्या मुलीला नाव मिळतं.”

“इतकं सोपं?”

“नियम सोपेच असतात हो. माणसं अवघड.”

मी पेन दुसऱ्या चौकोनाकडे नेला. शिरोउझु बाई हळूच म्हणाल्या, “तुमचं तुम्ही ठरवा. पण निर्णय झाला की समिती बरखास्त. साहेबांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत.”

मी पेन चौथ्या चौकोनाकडे नेला.

“तुमचं तुम्हीच ठरवा. पण हा पेन बनवणाऱ्या मालकीणबाई त्या बाकावर बसल्यात. पेन्शनचं काम आहे त्यांचं.”

मालकीणबाई उठून वाकल्या. साहेब वाकले. मी दोघांपुढे वाकलो. आधी कोणी सरळ व्हावे हे न ठरल्याने यात बरीच मिनिटे गेली. घड्याळात पाच वाजून तेरा मिनिटे झाली होती.

“मग?” साहेबांनी विचारले.

“पेन तसा… म्हणजे एका परीनं… पण दुसऱ्या परीनं पाहिलं तर…”

खूण तिसऱ्या चौकोनात पडली. साऱ्या दालनाने सुटकेचा निःश्वास सोडला. मत दिल्याबद्दल साहेबांनी मला कागदात सुबक गुंडाळलेली भेट दिली. आत तसाच एक पेन होता.

“लागलं नाव?” घरी चिनात्सुने विचारले.

“सांगता येत नाही,” मी म्हणालो. तिने मुलीला जवळ घेतले आणि भिंतीकडे तोंड केले.

यास आता सहा वर्षे होत आली. उशिराच्या नोंदीस कारणपत्र लागते आणि तेही मंजूर पेनानेच लिहावे लागते. नुकादा साहेब निवृत्त झाले. नव्या साहेबांची अकरा वर्षे बाकी आहेत. मला पुन्हा मत देता येत नाही, कारण एका माणसास एकदाच. परंतु घरचे सोडून दुसरे कोणीही चालते. प्रस्तुत हकीकत मी त्याच भेटीच्या पेनाने लिहिली असून तो कोठेही अडलेला नाही. आपल्याला येथे कोणी ओळखत नाही, आपल्यासमोर कोणी वाकलेले नाही. तेव्हा वाचकहो, स्पष्ट सांगावे. सुझुनोला येत्या एप्रिलात शाळेत घालायचे आहे.

काय म्हणालात? तसा बरा आहे?

नोंद घेतली. मुलीला तसे कळवतो.